एकदाचे की महिन्याचे?

आमच्याकडे पेन्शन विकतात. चोरून नाही, सरकारी फॉर्म भरून. माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडला किंवा शेजारच्या तेलगावला कुणी गुरुजी रिटायर झाले की हॉटेलातल्या बाकड्यावर पहिला प्रश्न येतो, "गुर्जी, विकली का?" काय विकली हे विचारणारा बोलत नाही आणि ऐकणाऱ्याला ते विचारावं लागत नाही. उत्तरंही ठरलेली असतात. एक म्हणजे, "विकली की. माडी चढवायची होती." दुसरं जरा खालच्या आवाजात, "न्हाई बा. घरातली नको म्हणली."

सरकारी मराठीत या विक्रीला अंशराशीकरण म्हणतात. तो शब्द उच्चारताना भल्याभल्यांची जीभ अडखळते, म्हणून 'विकणं'च बरं. जुन्या पेन्शनवाल्या कर्मचाऱ्याला शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम दरमहा मिळते. त्यातला ४० टक्क्यांपर्यंतचा भाग सरकारला देऊन त्या बदल्यात एकरकमी पैसे उचलता येतात. समजा पेन्शन ४०,००० बसली. १६,००० विकले. अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर होणाऱ्याला साधारण १६ लाख हातात येतात आणि पुढची १५ वर्षं महिन्याला २४,०००च मिळतात. महागाई भत्ता मात्र न विकलेल्या, पूर्ण ४०,०००वर चालू राहतो. पंधरा वर्षांनी विकलेला भाग परत जोडला जातो.

आता हिशेब मांडू. १५ वर्षांत १६,०००च्या हिशेबाने २८ लाख ८० हजार कापले जातात. म्हणजे हे साडेआठ टक्क्यांच्या थोडं वरच्या व्याजाचं कर्ज झालं. पण या कर्जाची एक खासियत कुठल्याच बँकेकडे नाही. मधेच गुरुजी गेले तर राहिलेली वसुली कुणाकडून होत नाही, आणि विधवेचं कुटुंब निवृत्तिवेतन विक्री झालीच नव्हती असं धरून ठरतं. तब्येत खालावलेल्या माणसाला हा सौदा चांगलाच. ज्यांच्या घराण्यात नव्वदी सहज गाठतात त्यांना तो तेवढा चांगला नाही.

मे महिन्याच्या शेवटी हे प्रश्न एकदम वाढतात. कारण १ जून ही आपल्या गावागावांतली सगळ्यात मोठी जन्मतारीख. आई-बापाला तारीख ठाऊक नसली की शाळेत नाव घालताना मास्तर १ जून लिहायचे. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून ३१ मेला निरोप समारंभांचा, नारळांचा आणि शालींचा सुकाळ. आणि लगेच भविष्य निर्वाह निधी, उपदान आणि विकलेली पेन्शन, असे आयुष्यात कधी न पाहिलेले आकडे एका पासबुकावर.

अर्थतज्ज्ञ अशा वेळी सांगतात, एकरकमी पैशाचा मोह टाळा. मला हा उपदेश अर्धवट वाटतो. ज्याच्या डोक्यावर खासगी सावकाराचे शेकडा तीन रुपये महिना व्याज चढतंय, त्याने साडेआठ टक्क्यांनी पेन्शन विकून ते ३६ टक्क्यांचं ओझं उतरवलं तर त्याच्याइतका शहाणा कोण? १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने सैन्य कमी करताना सैनिकांना असाच पर्याय दिला होता, एकदम रक्कम घ्या किंवा वर्षासन घ्या. वर्षासन इतकं फायद्याचं होतं की एकरकमी घेणारा जणू १७ टक्क्यांहून जास्त व्याज सोडून देत होता. तरी निम्म्याहून अधिक अधिकाऱ्यांनी आणि दहातल्या नऊहून अधिक शिपायांनी एकरकमी रक्कमच उचलली. जॉन वॉर्नर आणि सॉल प्लीटर या दोघांनी २००१मध्ये हा हिशेब प्रसिद्ध केला, तेव्हा अर्थशास्त्री चक्रावले. बाकड्यावरचं कुणी चक्रावलं नसतं.

खरा पेच व्याजदराचा नाहीच. हातात आलेले १६ लाख घराचे होतात. माडी चढते, धाकट्याच्या कॉलेजची फी भरली जाते, थोरल्याचं दुकान उभं राहतं. महिन्याची पेन्शन मात्र गुरुजींची आणि त्यांच्या मागे त्यांच्या बायकोची. नवरा बहुधा वयाने मोठा असतो आणि बायका बहुधा जास्त जगतात, त्यामुळे पेन्शनीची शेवटची दहा-बारा वर्षं पुष्कळदा एकट्या म्हातारीची असतात. एकदाचे पैसे पोरांचे आणि महिन्याचे म्हातारीचे, अशी ही वाटणी आहे. पेन्शनचा प्रत्येक फॉर्म मी याच डोळ्याने वाचतो. "घरातली नको म्हणली" या वाक्यामागे हाच हिशेब असतो, आणि तो त्या बाईने कुठल्याही सल्लागाराशिवाय केलेला असतो.

हा पेच सुखवस्तू पेन्शनवाल्यांचा झाला. १ नोव्हेंबर २००५ला महाराष्ट्र सरकारने एक रेघ ओढली. त्या तारखेपासून नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन बंद करून अंशदानाची योजना आणली आणि पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये गेली. केंद्राने हेच १ जानेवारी २००४पासून केलं होतं. तेव्हापासून एकाच शाळेच्या स्टाफरूममध्ये दोन जाती झाल्या. २००४चे गुरुजी आणि २००६चे गुरुजी तोच वर्ग शिकवतात, तीच खिचडी वाटतात, तीच जनगणना करतात. एकाला मरेपर्यंत निम्मा पगार, दुसऱ्याला शेअर बाजार देईल ते. काहींची गंमत तर आणखी क्रूर होती. जाहिरात रेघेच्या आधीची आणि नेमणूक नंतरची. अशा सुमारे २६ हजार कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन निवडण्याची एकदाच संधी द्यायचा निर्णय मंत्रिमंडळाने जानेवारी २०२४मध्ये घेतला.

त्याआधी मार्च २०२३मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यभर संप झाला होता. १४ मार्चला सुरू झाला, २० मार्चला मिटला. आमदाराला एकदा निवडून आल्यावर दरमहा किमान ५०,००० पेन्शन मिळते, ही गोष्ट त्या आठवड्यात जितक्यांनी जितक्या वेळा सांगितली तितकी एरवी वर्षभरात कुणी सांगत नाही. पुढच्या मार्चमध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सुधारित योजना जाहीर केली. शेवटच्या पगाराच्या ५० टक्के आणि त्यावर महागाई भत्ता. माघारी जोडीदाराला त्या पेन्शनच्या ६० टक्के. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना, म्हणजे यूपीएस, मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी राज्याच्या मंत्रिमंडळानेही ती उचलून धरली.

आता २००७ साली लागलेल्या एका गुरुजींचा, समजुतीपुरता, हिशेब करू. शेवटचा मूळ पगार ८०,०००. एनपीएसच्या खात्यात स्वतःचे १० टक्के आणि सरकारचे १४ टक्के साठत जाऊन ६० लाख झाले असं धरू. नियमाने ६० टक्के म्हणजे ३६ लाख हातात. उरलेल्या २४ लाखांचं वर्षासन विमा कंपनीकडून घ्यावं लागतं. दर साडेसहा टक्के धरला तर महिन्याला १३,०००. ते कधी वाढत नाहीत. पण गुरुजी आणि बाई दोघं गेल्यावर मूळ २४ लाख पोरांना परत मिळतील असं वर्षासन घेता येतं.

यूपीएस घेतली तर, केंद्राच्या नियमाने, २५ वर्षांहून जास्त नोकरी झालेली असल्यामुळे शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मे, म्हणजे ४०,०००, वर महागाई सवलत. शिवाय नोकरीच्या दर सहा महिन्यांमागे पगार अधिक महागाई भत्त्याचा एक दशांश एकरकमी. ३१ वर्षांच्या नोकरीवर आणि ५० टक्के भत्ता धरून साडेसात लाखांच्या आसपास. बाईला माघारी २४,००० आणि त्यावरची सवलत. साठलेली पुंजी मात्र सरकारी कोषात जाते. त्यातली ६० टक्क्यांपर्यंत काढता येते, पण मग त्याच प्रमाणात पेन्शन कमी होते.

दोन्हींतला एकरकमी फरक साडेअठ्ठावीस लाखांचा आणि महिन्याचा फरक २७,०००चा. भागून पाहिलं तर नऊ वर्षांच्या आत बरोबरी होते. ३६ लाखांवर व्याज मिळेल, ते धरलं की बरोबरी लांबते. पेन्शनीवर दरवर्षी दोनदा महागाई सवलत वाढेल, ती धरली की परत जवळ येते. पण नव्वद वर्षं जगणाऱ्या जोडप्याला कुठली योजना बरी, हे सांगायला कॅल्क्युलेटर लागत नाही.

तरीही केंद्राच्या सुमारे २३ लाख पात्र कर्मचाऱ्यांपैकी मुदतीअखेर, नोव्हेंबर २०२५पर्यंत, जेमतेम सव्वा लाखांनी यूपीएस निवडली. मुदत दोनदा वाढवूनही. कुणी म्हणतं, लोकांना जुनीच हवी, म्हणून नवी नाकारून दबाव ठेवला. ते खरंच. माझ्या मते दुसरंही एक कारण आहे. मोबाइलवर दिसणारी पुंजी. महिन्याला एकदा उघडून पाहिलेला तो आकडा आपला वाटायला लागतो; तो सरकारला परत द्यायचा म्हटलं की हात थांबतो. घरातल्या पोरांनीही तो आकडा पाहिलेला असतो.

गुरुजींना निदान निवडायला दोन चांगल्या वस्तू आहेत. साखर कारखान्यातल्या माणसाकडे वळलं की आकडे एकदम आक्रसतात. तेलगावला लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना आहे. या टापूतल्या कितीतरी घरांत एक जण कारखान्यात, एक एसटीत, एक शेतात. कारखाना आणि एसटी, दोन्हीकडची पेन्शन एकच, कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५, म्हणजे ईपीएस-९५. १६ नोव्हेंबर १९९५ला सुरू झाली. मालकाच्या बारा टक्क्यांतले ८.३३ टक्के तिच्यात जातात, पण तेही मर्यादित पगारावर. ती मर्यादा आधी ५,०००, २००१पासून ६,५०० आणि सप्टेंबर २०१४पासून १५,०००. फिटरला पस्तीस हजार पगार असला तरी पेन्शनच्या खात्यात महिन्याला १,२५०च.

हिशेबाचं सूत्र सोपं आहे. पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. २०१४च्या आधीची वर्षं जुन्या ६,५००वर धरतात. १९९८ला लागून २८ वर्षं राबलेल्या माणसाला हातात पडतात चार-साडेचार हजार. महागाई भत्ता नाही. तो गेला की विधवेला निम्मे. २०१४पासून किमान पेन्शन १,००० आहे आणि इतक्या वर्षांत तिला कुणी हात लावलेला नाही. राज्याच्या श्रावणबाळ योजनेत निराधार म्हाताऱ्याला १,५०० मिळतात. म्हणजे कारखान्यात घाम गाळून किमान पेन्शनवर आलेला माणूस निराधारापेक्षाही ५००ने खाली. किमान ७,५०० द्या म्हणून ईपीएसवाले म्हातारे बुलढाण्यापासून दिल्लीपर्यंत धरणं धरतात, ते काही हौसेने नव्हे.

इथेही कामगाराला निवड होती, पण ती त्याला निवड म्हणून कुणी दाखवली नाही. २००८पर्यंत या योजनेत दोन खिडक्या होत्या. पेन्शनचा तिसरा हिस्सा विकून त्याच्या शंभरपट रक्कम घेता यायची. किंवा दहा टक्के पेन्शन कमी घेऊन, आपल्या माघारी मूळ पेन्शनच्या शंभरपट रक्कम वारसाला मिळेल अशी तजवीज करता यायची. तोच प्रश्न, म्हातारीचे की पोरांचे. सप्टेंबर २००८मध्ये दोन्ही खिडक्या बंद झाल्या. पुढे नोव्हेंबर २०२२च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पूर्ण पगारावर जास्त पेन्शन घेण्याचा पर्याय उघडला आणि अर्जाची मुदत वाढत वाढत ११ जुलै २०२३ला संपली. त्यात अट अशी की पीएफमध्ये साठलेल्या किंवा काढून खर्चलेल्या पैशातून फरकाची रक्कम व्याजासकट परत भरायची. ज्याने त्या पैशांत मुलीचं लग्न केलं तो कुठून भरणार?

सगळ्यात महाग निवड तर तरुणपणीच होऊन जाते. काम सुटलं, कारखाना बदलला की पोरगं पहिलं वाक्य बोलतं, "पीएफ काढून टाकू." दहा वर्षांच्या आत नोकरी सोडली तर पेन्शनचे पैसेही काढता येतात. आठ वर्षांचे, १५,००० पगारावर, सव्वा लाखाच्या आसपास मिळतात. पण त्याने पैसे न काढता योजना प्रमाणपत्र घेतलं आणि पुढे कुठेही आणखी दोन वर्षं भरली, तर अठ्ठावन्नाव्या वर्षापासून महिन्याला २,१४३ आयुष्यभर. सव्वा लाख पाच वर्षांत वसूल.

साखरेच्या हंगामी कामगाराला तर यात एक सवलत आहे, ती सगळ्यांना ठाऊक नसते. हंगामी आस्थापनेत वर्षातून चार-पाच महिनेच काम केलं तरी पेन्शनसाठी ते पूर्ण वर्ष मोजतात. म्हणजे दहा गळीत हंगाम म्हणजे दहा वर्षं. आठ हंगामांनंतर पैसे काढणारा पोरगा दोन दिवाळ्यांसाठी आयुष्यभराची पेन्शन सोडतो. हे त्याला सांगणारा माणूस कारखान्याच्या गेटवर उभा नसतो. दोनशे रुपये घेऊन ऑनलाइन क्लेम टाकून देणारा मात्र असतो.

आणि ज्यांच्या उसावर हे कारखाने चालतात त्यांचं काय? बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या माणसांचा हिशेब माणशी होत नाही, कोयत्यावर होतो. एक कोयता म्हणजे एक जोडी, नवरा आणि बायको. उचल मुकादमाकडून नवरा घेतो, फिटते दोघांच्या अंगावर. पाडव्याच्या आसपास टोळ्या परत येतात तेव्हा पुष्कळदा हिशेबात काही उरलेलंच नसतं. मालक कोण, याचंच उत्तर धूसर, त्यामुळे पीएफ नाही आणि ईपीएसही नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याणकारी महामंडळ आहे, पण म्हातारपणच्या महिन्याच्या पैशांसाठी या माणसांपुढे मुख्यतः दोनच दारं आहेत.

एक अटल पेन्शन योजना, २०१५ची. साठीनंतर महिन्याला १,००० ते ५,०००, जेवढं भराल त्या मानाने. नवरा गेला की बायकोला तेवढीच पेन्शन, दोघंही गेले की पुंजी वारसाला; हजाराच्या पेन्शनमागे १ लाख ७० हजार. दुसरी प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन, २०१९ची. तुम्ही भराल तेवढेच सरकार भरतं, साठीनंतर ३,०००. नवऱ्यामागे बायकोला निम्मे, १,५००, आणि दोघांनंतर पोरांना शून्य. पैसे योजनेच्या निधीत परत. दोन्हींत शिरायचं वय १८ ते ४०. महागाई सहा टक्के धरली तर एकवीस वर्षांनी मिळणाऱ्या ३,०००ची किंमत आजच्या नऊशेच्याही आत येते, हे सांगायला हवं. तरी शून्यापेक्षा नऊशे बरे.

समजा असा एक कोयता मे महिन्यात गावातल्या ऑनलाइन केंद्रावर आला. आधारवर नवऱ्याचं वय एकोणचाळीस, बायकोचं एकेचाळीस. "असं कसं?" तो म्हणतो. "ती माझ्याहून धाकटीये." बाई सांगते, माजलगाव धरणाच्या कालव्याला पाणी आलं त्या साली जन्म. आधारवर मात्र १ जून, आणि साल कुणीतरी अंदाजाने टाकलेलं. म्हणजे तिच्या नावाने आता काही निघत नाही. जे काही निघेल ते नवऱ्याच्या नावाने आणि तिचं म्हातारपण त्याच्या फॉर्ममधल्या जोडीदाराच्या रकान्यात.

केंद्रावरचं पोरगं हुशार आहे. तो स्क्रीनवर दोन्ही आकडे काढतो. एकोणचाळिसाव्या वर्षी अटलमध्ये हजाराच्या पेन्शनला महिन्याला २६४, दोन हजारांना ५२८. श्रमयोगीत तीन हजारांना १९०.

"दाजी, बँकेत जाऊन अटल काढा," तो म्हणतो. "मागं पोरांला पावणेदोन लाखाच्या आसपास येतील."

नवऱ्याला ते पटतं. पोरांला काहीतरी राहिलं पाहिजे.

बाई पदर खोचून थोडी पुढे सरकते. "अन् हे गेल्यावर मला किती?"

"अटलमधी हजार. श्रमयोगीत दीड हजार."

"अन् भरायचे कोन्त्यात कमी?"

"श्रमयोगीत, मावशी. एकशे नव्वद."

ती नवऱ्याकडे पाहत नाही. ब्लाउजातून घडी केलेली दोनशेची नोट काढून टेबलावर ठेवते. "मग त्येच लिव्ह. पोरांचं पोरं बघतील."